वैरिणीचे पेढे

परवा घाटकोपरला मिठाईच्या दुकानापुढून जाताना केशरी पेढ्यांचा वास आला आणि मला मुलुंडच्या आमच्या जुन्या घराचं दार आठवलं.

मी तेव्हा कॉलेजात होते. वक्तृत्व स्पर्धेसाठी प्राचीन ग्रीकांच्या म्हणी जमवून मी त्यांचे अर्थ मराठीत मांडले होते. 'एका पाकोळीने वसंत येत नाही' ही त्यातली माझी लाडकी. नेमकी स्पर्धेच्या दिवशी मी तापाने फणफणले. आदल्या दिवशी मेधाला, माझ्या जिवलग मैत्रिणीला, ते भाषण म्हणून दाखवलं होतं आणि कागद तिच्याकडेच राहिले होते. तिने ते स्वतःचं म्हणून केलं आणि पहिलं बक्षीस घेतलं.

संध्याकाळी ती पेढ्यांचा खोका घेऊन दारात उभी.

"तोंड गोड कर ना गं. बक्षीस आपल्या दोघींचं आहे यार."

"स्टेजवर माझं नाव घेतलंस?"

तिने खोका माझ्यापुढे केला.

"मेधा, एक म्हण तुला सांगायची राहिली," मी म्हटलं. "वैऱ्याने दिलेली भेट ही भेट नसते. ती घेणाऱ्याचं कधी भलं होत नाही."

खोका तिच्या हातात तसाच ठेवून मी दार लावलं. आपण फार दुष्टपणा केला असं वाटून रडू फुटलं. आज तसं मुळीच वाटत नाही. तिचा उतरलेला चेहरा आठवला की अजूनही जिवाला थंडावा मिळतो.

आई आतून सगळं ऐकत होती. आता ओरडणार म्हणून मी डोळे पुसले.

"रडतेस काय?" ती म्हणाली. "पुढच्या वेळी जरा मोठ्याने बोल. शेजाऱ्यांनाही ऐकू दे."