सिस्टर दाराबाहेर थांबल्या

नर्सिंगला असताना माझा प्रोजेक्ट होता, इंजेक्शन किती दुखतं. शून्य ते दहा, पेशंटने आकडा सांगायचा, बस. मुलुंडच्या आमच्या वॉर्डच्या सिनियर सिस्टर एकदम प्रेमळ, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरचे पेशंटसुद्धा घाबरून गोळ्या गिळतील. मला मदत म्हणून त्या प्रत्येक खाटेशी येऊन उभ्या.

"माझं इंजेक्शन दुखतं का हो काका? खरं सांगा."

काका म्हणाले, "शून्य."

सगळा वॉर्डच शून्य. असा प्रोजेक्ट कॉलेजच्या मॅडम तोंडावर फेकणार, म्हणून मी धीर करून म्हटलं, "सिस्टर, तुम्ही जरा बाहेर थांबता? पेशंटला मोकळं बोलता यायला हवं ना."

त्या गेल्या. लगेच दाराबाहेरून आवाज आला, "बिनधास्त बोला हो, मी ऐकत नाहीये."

काकांनी दाराकडे बघत गुपचूप आठ बोटं वर केली.

"काय म्हणाले गं?"

"नाही सांगता येत, सिस्टर. गोपनीय असतं."

"मलापण नाही?"

"तुम्हाला तर नाहीच."

दुपारी सिस्टर सुई घेऊन काकांकडे आल्या, जरा थांबल्या आणि इतक्या हळू आवाजात बोलल्या की मी बघतच राहिले.

"काका, टोचू का?"