दोन जणांची कयाक

चष्मेवाला एकदा बोलायला लागला की गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायला लागे. पण मनातलं सांगायची वेळ आली की याची दातखीळ बसे. लग्नाचं राहूनच गेलं. दुकानामागच्या दोन खोल्यांत हा एकटा जीव एक कप चहा करायचा आणि उभ्यानेच प्यायचा. आपलं म्हणावं असं माणूस एकच उरलं होतं, वारलेल्या बहिणीचा नवरा. भाऊजी तळ्यापलीकडच्या गावात असेच एकटे राहत.

बहिणीची दोन जणांची कयाक होती, वल्ह्यांनी चालवायची अरुंद होडी. ती पुढे बसायची, भाऊजी मागे. ती गेल्यावर पुढची जागा चष्मेवाल्याकडे आली. दरवर्षी दोघं एक रात्र बेटावर तंबूत काढत. यंदा साथीच्या बातम्यांनी लोकांची झोप उडाली होती. आज ना उद्या सगळं बंद होणार, असं जो तो म्हणत होता. चष्मेवाल्याने मनाशी पक्कं केलं होतं, या खेपेला भाऊजींना आपल्याकडे राहायला बोलवायचं.

ठरल्या दिवशी भाऊजी तळ्याकाठी गाडीतून उतरले. मागच्या सीटवर भलीमोठी बॅग.

"एका रात्रीसाठी एवढं? कुणाच्या लग्नाला निघालात?"

"असू दे. ती गाडीतच राहील," भाऊजी कानावरची टोपी आणखी खाली ओढत म्हणाले.

बेटावर चष्मेवाला तंबूच्या खुंट्यांवर बोलला, डासांवर बोलला. नेमकं तेवढं जमलं नाही. सकाळी परत निघाल्यावर मात्र त्याला धीर आला. पुढच्याला मागच्याचं तोंड दिसत नाही, आणि वळून बघावं तर कयाक कलंडते. तो पाण्याकडे बघत म्हणाला,

"भाऊजी, माझ्याकडेच या राहायला. कायमचे. घर खायला उठतं हो."

मागून फक्त वल्ह्याचा आवाज येत राहिला. चष्मेवाल्याचे कान तापले. त्याने पुन्हा विचारलं नाही.

किनाऱ्यावर भाऊजी गाडीपाशी उगाच रेंगाळले. "मग... निघू?"

"निघा की," चष्मेवाला तुटकपणे म्हणाला.

दोनच दिवसांत सगळं बंद झालं. दुकानाचं शटर खाली. करमेना म्हणून त्याने एकदा तपासणीच्या खुर्चीत बसून स्वतःचेच डोळे तपासले आणि "नंबर तोच आहे हं" असं मोठ्याने स्वतःलाच सांगितलं. मग त्याला फार वाईट वाटलं.

काही आठवड्यांनी भाऊजींचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि याच्या तोंडून निघूनच गेलं, "मी राहायला या म्हटलं, तर हो नाही की नाही नाही!"

"कधी म्हणालास?"

"परत येताना. कयाकमध्ये."



"अरे, मी कानाला यंत्र लावतो आता. भिजेल म्हणून पाण्यात काढून डब्यात ठेवतो. तुला सांगायची लाज वाटली," भाऊजी म्हणाले. "आणि तू विचारशील म्हणून तर बॅग भरून आणली होती."

"मग या ना!"

"आता कसा येऊ? रस्त्यावर पोलीस आहेत." भाऊजींनी घसा खाकरला. "तू परत एकदा विचार मात्र. यंत्र कानात आहे."

चष्मेवाल्याने विचारलं.