गुरं माघारी आली का?

ओल्या घोंगडीचा वास आला की मला धर्मापुरीच्या शिवारातली हिवाळ्यातली एक सकाळ आठवते. जुन्या देवळापासून निघालेली, गावातल्या जुन्या दगडांच्या गोष्टी ऐकत हिंडणारी आमची फेरी लिंबाखालच्या एका वीरगळापाशी, लढाईत पडलेल्या वीराच्या कोरीव दगडापाशी, थांबली होती. दवानं भिजलेल्या त्या दगडावरून हात फिरवत फेरी नेणारे गुरुजी सांगत होते, "गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांशी हा गडी एकटा लढला. खालच्या चौकटीत तो पडलाय, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात, आन् वर तो महादेवापुढं हात जोडून बसलाय." आम्ही माना डोलावल्या, फोटो काढले. शेजारी मेंढरं चारणारी एक बाई खांद्यावर दवानं ओली झालेली घोंगडी टाकून ऐकत उभी होती. तिनं विचारलं, "पण गुरं आली का माघारी?" आमच्यातलं कुणीतरी हसलं. गुरुजी मात्र दगडाकडं बघत राहिले. इतकी वर्षं ही गोष्ट सांगूनही त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. "न्हाई आली, तर मेला कशाला त्यो?" ती म्हणाली, आणि हसणं थांबलं. "आली बाई," गुरुजी हळूच म्हणाले, "समदी आली." "मग ठीक हाय," म्हणत तिनं मेंढरं पुढं हाकली. गुरुजी गेल्यापासून ही फेरी मीच नेतो. वीरगळापाशी आलो की गुरं घरी आली असं ठासून सांगतो, आणि लोक पुढं निघाले की मागं थांबून त्या दगडावर परतणारं एखादं तरी जनावर दिसतंय का, ते शोधतो.