एक अक्षर देपालपूरहून

जुने टाइपरायटर शोधायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा नाद मला इंदूरच्या मल्हारगंजात लागला. मी शाळेत गणित शिकवते. एका दुपारी शाळेतून परत येताना भंगारवाल्याच्या काट्यावर एक हिंदी टाइपरायटर पालथा पडलेला दिसला. शेजारी तुटके नळ आणि कुलरची जाळी. भंगारवाला त्याचं लोखंड तोलत होता. मी उभी राहिले, त्याला तो सुलटा करायला लावलं आणि एक बटण दाबलं. आतून एक बारीक दांडी उठली, अर्ध्यावर अडकली आणि तशीच थरथरत राहिली. तेवढ्यावरून मी तो घरी आणला.

आमचं घराणं संस्थानाच्या फौजेबरोबर इकडे आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचंच. घरात मराठी, बाहेर पडलं की हिंदी, आणि दोन्हींची सरमिसळ तर दिवसभर. माझे यजमान बँकेत आहेत. त्यांनी दारातच विचारलं, "लोक बाजारातून साडी आणतात. तू हे काय लोखंड उचलून आणलंस?" मी म्हटलं, "चालू करून दाखवते." रॉकेल, जुने टूथब्रश, शिवणयंत्राचं तेल आणि दिवाळीची सुट्टी, एवढ्यात ते मशीन चालू झालं. विजयनगरच्या एका कॅफेने ते हौसेने विकत घेतलं. काही महिन्यांनी मी तिथे गेले, तर त्यांनी आतल्या दांड्या काढून टाकून त्यात मनीप्लांट लावला होता. मी चहा न पिता परत आले. त्या दिवशी ठरवलं की यापुढे मशीन चालू करून विकायचं, आणि ज्याला त्याच्यावर काही लिहायचं आहे त्यालाच विकायचं. या अटीमुळे गिऱ्हाइकं फार कमी येतात. बाल्कनीत कायम दोनतीन मशीनं चादरीखाली वाट बघत बसलेली असतात.

अशातच एका माणसाचा फोन आला. पीथमपूरच्या कारखान्यात इंजिनियर, मूळचा साताऱ्याकडचा, इकडे येऊन थोडीच वर्षं झालेली. म्हणाला, "मशीन माझ्या आईला हवं आहे. तुम्ही एकदा येऊन तिच्याशी बोलाल का? माझं ती ऐकत नाहीये."

मी गेले. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांना मी पहिल्या दिवसापासून काकूच म्हणाले. पोस्टात आयुष्यभर नोकरी केलेल्या, ताठ बसणाऱ्या. फक्त दोन्ही हात सारखे कापत होते. त्यांची थोरली बहीण गावी असते आणि तिला आता फोनवरचं काही ऐकू येत नाही, म्हणून काकू तिला पत्र लिहायच्या. कंपवाताने पेन धरता येईना, तेव्हा पत्रं थांबली.

"हा म्हणतो मोबाइलवर लिही," काकू मुलाकडे बघत म्हणाल्या. "काचेवर बोट टेकवलं की दहा अक्षरं उमटतात. मग लॅपटॉप दिला. त्यात बोट जरा जास्त टेकलं की 'ततततत' असं धावत सुटतं. माझं बोट उचललंच जात नाही पटकन. जुन्या मशीनचं तसं नव्हतं. जोर लावला तरच अक्षर पडायचं, आणि एकदाच पडायचं. आमच्या पोस्टात होतं."

मला हे कधी सुचलं नव्हतं. पण त्यांचं अगदी बरोबर होतं. टाइपरायटरचं बटण कितीही वेळ दाबून धरा, ठसा एकदाच आपटतो.

पुढच्या रविवारी मी माझ्याकडचं सगळ्यात चांगलं हिंदी मशीन रिक्षात घालून त्यांच्याकडे नेलं. काकूंनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि एकाच बोटाने, एकेक अक्षर शोधत, ठोकायला सुरुवात केली. हात कापत होता, पण कागदावर अक्षर स्वच्छ उमटत होतं. 'प्रिय ताईस' झालं. 'मी बरी आहे' झालं. मग त्या थांबल्या.

"ळ कुठे आहे गं?"

मी शोधलं. त्यांच्या मुलानेही शोधलं. त्या मशीनवर ळ नव्हताच. हिंदीत लिहायला तो लागत नाही.

"राहू दे, ल ने चालवीन," काकू म्हणाल्या आणि पुढे ठोकू लागल्या. एक ओळ पुरी झाल्यावर त्यांनी ती मोठ्याने वाचली. "'सकाली उठल्यावर डोल्यांत औषध घालते.' ताई म्हणेल, इंदूरला जाऊन ही बोबडी झाली."

आम्ही तिघंही हसलो. मग त्यांनी टेबलावरचं बॉलपेन उचललं. 'सकाली'मधल्या ल ला एक गाठ मारून त्याचा ळ करावा, एवढंच त्यांना करायचं होतं. पेन कागदाला टेकलं आणि हाताबरोबर भरकटत सगळ्या ओळीवरून आडवं गेलं. काकूंनी ते खाली ठेवलं.

मी म्हटलं, "काकू, मशीन इथेच राहू दे. ळ मी आणून देते."

"कुठून आणशील?"

"ते अजून माहीत नाही. पण आणते."

घरी आल्यावर मला स्वतःचंच बोलणं ऐकू येत राहिलं. माझा मुलगा 'काळा' आणि 'काला' एकसारखंच म्हणतो आणि मी टोकलं तर म्हणतो, "मम्मी, समझ में तो आ गया ना." आमच्या घरातून जो आवाज हळूहळू चालला होता, तो एका बाईला कागदावर हवा होता, आणि तिला 'समजून घ्या' म्हणणं मला जमणार नव्हतं.

शोध सुरू केला. ऑनलाइन जेवढी मशीनं विकायला होती त्यांच्या मालकांना मी बटणांचे फोटो मागितले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. महूला लष्करातल्या लोकांच्या बदल्या होतात तेव्हा घरातलं सामान विकायला निघतं. तिथे एका बंगल्यात टाइपरायटर आहे असं कळलं, म्हणून गेले. अतिशय देखणं मशीन होतं, पण इंग्रजी. बंगल्यातल्या बाईंनी प्रेमाने चहा दिला, मी तो प्यायले आणि हात हलवत परतले. मराठी मशीन महाराष्ट्रातून मागवायचं तर कुरियरमध्ये त्याच्या दांड्या वाकून येणार, हे मला आधीच्या अनुभवाने ठाऊक होतं. शिवाय काकूंची बोटं त्या मशीनला सरावू लागली होती. त्यांना अख्खं मशीन नको होतं, एक ठसा हवा होता.

शेवटी मल्हारगंजातल्या एका जुन्या मेकॅनिककडे गेले. पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करायचा, आता शिलाई मशीनं करतो. म्हणाला, "मैडम, अब ये काम मैं नहीं करता. आँखें साथ नहीं देतीं." मी उठले नाही. मग जरा वेळाने त्याला आठवलं. देपालपूरला तहसील कचेरीसमोर एक अर्जनवीस बसतो, लोकांचे अर्ज टाइप करून देतो, त्याचं मशीन खानदेशातून आलेलं आहे. "उसमें वो आपका वाला अक्षर था. मैंने खुद साफ किया था."

शनिवारी अर्धी शाळा करून मी देपालपूरची बस पकडली. कचेरीच्या समोर फोटोकॉपी आणि कॉम्प्युटरच्या टपऱ्यांची रांग होती आणि त्यांच्या टोकाला, कडुलिंबाच्या झाडाखाली, एक पांढऱ्या मिशांचा माणूस टेबलावर मशीन मांडून बसला होता. मी बटणांवर नजर फिरवली. ळ होता.

"बाईसाब, आवेदन किस बात का?" त्याने कागद चढवत विचारलं.

मी सगळं सांगितलं. ऐकताना त्याने कागद परत काढून ठेवला. "मशीन नहीं दूँगा. जब तक बैठ सकता हूँ, इसी पे बैठूँगा."

"मशीन नको, मतलब, मशीन नहीं चाहिए. मुझे सिर्फ एक अक्षर चाहिए."

मग त्याने झाकण उचललं आणि आम्ही दोघं आत वाकलो. "बोलने में तो ये हमारे भी है," तो म्हणाला. इथल्या मालवी बोलीत ळ आहे, हे मी कामवाल्या बाईच्या तोंडून रोज ऐकते. "पर लिखने में कभी नहीं आया. इतने साल में मैंने ये दबाया ही नहीं." मला वाटलं काम झालं. पण टाइपरायटरच्या एका ठशावर दोन अक्षरं असतात, एक साधं आणि एक शिफ्ट दाबून येणारं. त्याच्या मशीनवर ळ च्या जोडीला त्याच ठशावर 'श्र' होता.

"लो," तो म्हणाला. "ये आप ले गईं तो मैं 'श्रीमान' कैसे लिखूँगा? मेरा हर आवेदन 'श्रीमान' से शुरू होता है."

मी बसने परत निघाले. वाटेत खिडकीबाहेर गव्हाची शेतं चालली होती आणि मी डोक्यात बाल्कनीतली मशीनं उलटीपालटी करत होते. त्यांतलं एक कधीच चालू होणार नाही इतकं गंजलेलं होतं, मी ते सुट्या भागांसाठी ठेवलं होतं. हिंदी मशीन. म्हणजे त्याच्यात 'श्र' असणारच. घरी येताच झाकण काढून बघितलं.

होता. र च्या जोडीला. हा ठसा देऊन त्याचा घेतला तर अर्जनवीसाला एक र जास्तीचा मिळेल, त्याने काही बिघडत नव्हतं.

आता प्रश्न होता तो ठसा बसवायचा. ठसा दांडीच्या टोकाला झाळून, म्हणजे डाख देऊन, जोडलेला असतो. तो उतरवून नवा लावताना केसभर तिरका झाला तरी अक्षर ओळीच्या वर किंवा खाली पडतं. मेकॅनिक करणार नव्हता, पण माझ्या हट्टापुढे त्याने एवढं कबूल केलं की मी त्याच्या दुकानात बसून शिकावं. कित्येक संध्याकाळी मी शाळेतून थेट तिथे गेले. गंजक्या मशीनच्या दांड्यांवरचे ठसे छोट्या ज्योतीवर उतरवायचे आणि परत चढवायचे. माझं पहिलं अक्षर ओळीतून उडी मारून वर बसलं. त्यानंतरची काही खाली घसरली. एकदा बोट भाजलं. शिलाई मशीनच्या पायडलवरून मान न उचलता मेकॅनिक म्हणायचा, "ठंडा होने दो, फिर हाथ लगाओ." मला दर वेळी वाटायचं की आता झालं असेल, आणि दर वेळी मी क्षणभर आधी हात लावायचे. ती घाई मोडायलाच जास्त दिवस लागले. एकदा ती मोडली आणि ठसे ओळीत बसू लागले.

मग सगळं सामान पिशवीत भरून पुन्हा देपालपूर. अर्जनवीसाने टेबल रिकामं करून दिलं आणि स्वतः माझ्या अगदी शेजारी स्टूल ओढून बसला. त्याच्यासमोरच काम करायचं, ही त्याची अट होती. शेजारच्या टपऱ्यांमधली माणसंही येऊन उभी राहिली. मी त्याचा ठसा उतरवला, रुमालात बांधला, माझा त्या जागी चढवला आणि हात मांडीखाली घालून बसून राहिले. दांडी गार झाल्यावर मी त्याला म्हटलं, "अब आप."

त्याने कागद चढवला आणि 'श्रीमान' ठोकलं. कागद डोळ्यांजवळ नेऊन ओळ तपासली. परत एकदा ठोकलं. "पहले से सीधा है," तो म्हणाला. पैसे घ्यायला तयार होईना. जाताना म्हणाला, "उन माताजी से कहना, चिट्ठी में देपालपुर का नाम लिख दें."

काकूंच्या मशीनवर मी कधीच न लागणाऱ्या दोन गणिती चिन्हांचा ठसा काढून तिथे ळ बसवला. ते काम त्यांच्या जेवणाच्या टेबलावर झालं, मुलाने सुट्टी घेतली होती. काकूंनी मनगट धरलं आणि बटण दाबलं. ळ उमटला. शेजारच्या अक्षरांहून जरासा ठळक, कारण तो वेगळ्या मशीनचा होता, पण ओळीत. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, दुसऱ्यांदा दाबला, आणि मग नवा कागद घेऊन पत्राची पहिली ओळ सुरू केली. मला आणि मुलाला त्या पूर्ण विसरल्या. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन चहा केला आणि तिथेच उभ्याउभ्या प्यायलो. बाहेरून एकेक ठोका येत होता, मध्ये लांब थांबा, मग पुढचा.

आता त्या रोज लिहितात. बहिणीचं उत्तरही येतं, मोठ्या अक्षरांत, आंतर्देशीय पत्रावर. मध्यंतरी खालच्या मजल्यावरच्या लोकांनी आवाजाची तक्रार केली. मुलाने मशीनखाली गोधडीची घडी घातली आणि मला फोन केला की आईला जरा समजावा. मी गेले, विषय काढला. काकूंनी रिबन नीट गुंडाळलं गेलंय का ते पाहिलं.

"त्यांची मुलं शाळेत गेल्याशिवाय मी बसत नाही," त्या म्हणाल्या. "आणि एकदा बसले की उठणार नाही. सांग त्यांना तसं."

मी खाली जाऊन तसंच सांगितलं.