धुतलेल्या शिंपल्या

एर्मेलिंदा कोरोसोला मी चाळीस वर्षं ओळखते, आणि ती गप्प बसलेली मी एकदाच पाहिली. त्या दिवसाची आठवण झाली की अजून माझं तोंड कडू होतं.

आम्ही दोघी कांदळवनात शिंपल्या काढणाऱ्या. गुडघाभर चिखलात वाकायचं, मुळांखाली खांद्यापर्यंत हात घालायचा, चाचपून काळी शिंपली बाहेर काढायची, बारकी निघाली तर परत ठेवायची. कंपनीची तेलाची पाइपलाइन फुटली आणि त्या चिखलात काळा चिकटा साचला. शी! केसांतून वास जाईना, घास घशाखाली उतरेना. कंपनीचे लोक आले, पांढरे बूट घालून काठावरच उभे राहिले, फोटो काढले आणि म्हणाले, "हे तर तुमच्याच होड्यांच्या इंजिनांचं तेल." अख्ख्या गावात होड्या सहा. मला तेलापेक्षा त्या माणसांची जास्त किळस आली.

आमच्या इक्वाडोरच्या घटनेत निसर्गालाच हक्क दिलेत. म्हणून कांदळवनाच्या नावाने दावा लागला आणि त्याच्या वतीने बोलायला एर्मेलिंदा उभी राहिली. "झाडांना तोंड नाही, मला आहे," असं सगळीकडे सांगत सुटली.

"आणि केवढं मोठं!" मी म्हणायचे.

न्यायाधीशबाई पाहणीला येणार होत्या. आमची वकील पोर आदल्या दिवशी फोनवर म्हणाली, "एर्मेलिंदाबाई, सगळ्यात खराब खाडीतल्या शिंपल्या काढून ठेवा. आपला पुरावा तोच." एर्मेलिंदाने टोपलीभर काढल्या. आणि मग, देवा, त्या धुतल्या! तीन पाण्यांतून, साबण लावून, नारळाच्या काथ्याने एकेक घासून केळीच्या पानावर मांडल्या. आमच्यात पाहुण्यापुढे चिखलाची शिंपली कुणी ठेवत नाही. मी असते तर मीही शेजारी घासायला बसले असते.

दुसऱ्या दिवशी खाडीकाठी टेबल मांडलं, न्यायाधीशबाई बसल्या, आणि कंपनीच्या वकिलाने एक शिंपली उन्हात धरली. "वा! आमच्या घरची भांडीसुद्धा इतकी लख्ख नसतात. यात तेल कुठंय?"

कारकुनाने लिहिलं: शिंपल्या स्वच्छ आढळल्या. आमच्या वकील पोरीने कपाळाला हात लावला. या नोंदीवर दावा फेटाळला जाणार, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

एर्मेलिंदाच्या तोंडून शब्द फुटेना. कारकुनाने सहीसाठी कागद पुढे सरकवला, तशी ती उठली आणि चर्चला घालायच्या पिवळ्या झग्यासकट चिखलात उतरली. खांद्यापर्यंत हात घातला, मूठभर काळा गाळ घेऊन वर आली आणि तो टेबलावर, कागदाला लागून, थपकन आपटला. असा भपकारा आला की मीच दोन पावलं मागे सरले.

"अहो एर्मेलिंदाबाई, आधी हात धुवा!" कारकून ओरडला.

"धुतलं तेच चुकलं माझं. आता काही धुणार नाही. लिहा!"

"हा शुद्ध तमाशा आहे," कंपनीचा वकील रुमालाआडून म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "नाक का दाबलंय, वकीलसाहेब?"

त्याने रुमाल आणखी घट्ट दाबला.

"लिहून घ्या," बाई कारकुनाला म्हणाल्या. "उत्तर दिलं नाही. नाक दाबूनच उभे आहेत."