डॉक्टरांच्या मोटारीला पाजलेलं एरंडेल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे पुढे तुम्हाला माझी कीव यायला लागेल. इतकी वर्षं झाली, तरी चौलच्या रस्त्यात कुणी मागून हाक मारली की मी भराभर पावलं उचलतो. वाटतं, झालं, आता हा त्या मोटारीचं विचारणार. म्हणून म्हटलं, आपल्या मूर्खपणाची गोष्ट आपणच सांगावी. निदान दुसरा कुणी तिखटमीठ लावून सांगत नाही.

मी चौलला डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पंचक्रोशीत डॉक्टर एक, त्यांची काळी विलायती मोटार एक आणि कंपाउंडर एक. यात सगळ्यात महत्त्वाचा कंपाउंडर, अशी माझी मनोमन खात्री होती.

दर शुक्रवारी डॉक्टर अलिबागच्या इस्पितळात जात आणि दवाखान्याला कुलूप लागे. माझं एकच मागणं होतं. शुक्रवारी दवाखाना उघडा ठेवावा आणि खोकल्या-तापाची साधी औषधं मला देऊ द्यावीत. डॉक्टर म्हणत, "सदू, तुझा हात चांगला आहे. तुझ्या शहाणपणाची मात्र मला धास्ती वाटते. बघू." त्या एका 'बघू'वर मी दोन वर्षं काढली होती.

अशात मुंबईच्या काही हौशी मंडळींनी नागावच्या पुळणीवर मोटारींची शर्यत ठरवली. ओहोटीला तिथली वाळू इतकी टणक होते, की भरली बैलगाडीसुद्धा रुतत नाही. आमच्या डॉक्टरांना हुक्की आली. सोमवार ते शनिवार जी मोटार पेशंटकडे जायची, तीच रविवारी शर्यतीत पळवायची.

मला म्हणाले, "सदू, इंजिनाचं तेल बदलून घे. कुठलं घालायचं ते इब्राहिम मिस्त्रीला विचार. तो सांगेल तेच घाल."

ऐकलंत ना? सांगेल तेच. यात न कळण्यासारखं काही आहे का?

इब्राहिमभाई अलिबागचे जुने मिस्त्री. हात पुसत म्हणाले, "भरधाव हाणायची तर इंजिन तापतंय, आन् तापला का तेल पातळ होतंय. म्हणून रोजचाच तेल, फकस्त एक नंबर जाडा घ्या. दुसरी काय भानगड करू नका."

मला हे भलतंच साधं वाटलं. शर्यत म्हणजे काय चेष्टा आहे? आणि तिला रोजचंच तेल? मी ते तेल घेतलं खरं, पण मन काही भरेना.

शनिवारी दुपारी तयारी बघायला पुळणीवर गेलो. मुंबईची एक बुटकी लाल मोटार सुसाट गेली आणि मागे धूर सोडून गेली. त्या धुराचा वास माझ्या नाकात शिरला मात्र, मी जागच्या जागी थबकलो. अहो, तो वास मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? अर्ध्या तालुक्यातल्या पोरांची नाकं दाबून मी त्यांना तेच पाजत होतो. एरंडेल!

मोटारवाल्याला गाठून विचारलं, "साहेब, इंजिनात एरंडेल घालता काय?"

तो चकित झाला. "वा, नाक तिखट आहे तुमचं. एरंडेलाचंच तेल आहे. पण त्याचं असं असतं, की…"

त्याचं कसं असतं ते ऐकायला मी थांबलोच नाही. गुपित हाती लागलं होतं. सायकलीवर टांग टाकली ती दवाखान्यात येऊन उतरलो. इंजिनाखालचं बूच काढलं, जुनं तेल निघेल तेवढं निघू दिलं आणि इब्राहिमभाईंचं तेल बाजूला ठेवून दवाखान्यातला एरंडेलाचा अख्खा डबा इंजिनात ओतला. कुणाला विचारलं? कुणालाही नाही.

आणि गंमत बघा, मोटार पळाली. चांगली पळाली. मुंबईच्या एका बॅरिस्टराला मागे टाकून डॉक्टर तिसरे आले. खाली उतरून त्यांनी माझी पाठ थोपटली.

"सदू, कुठलं तेल रे घातलंस?"

"ते माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

डॉक्टर खुशीत होते. म्हणाले, "बरं. येत्या शुक्रवारपासून दवाखाना तू सांभाळ."

तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. पण दोन वर्षांचा 'बघू' फळाला आलेला, तोंड उघडेल कोण?

सोमवारपासून मोटार नेहमीसारखी पेशंटकडे जायला लागली. धूर मागे राहायचा म्हणून डॉक्टरांना पत्ता नसायचा, पण मोटारीच्या मागे रस्ताभर एरंडेलाचा घमघमाट. पोरांची तर दाणादाण उडायची. मोटार वळणावर दिसली की गोट्या टाकून घरात पळायची आणि माजघरात दडून बसायची. डॉक्टर म्हणाले, "हल्ली मला बघून मुलं पळतात का रे?" मी म्हटलं, "तुमचा दरारा." बघा, किती निर्लज्ज झालो होतो मी.

गुरुवारी सकाळी मिठागराकडचा एक माणूस धावत आला. त्याची बायको बाळंतपणात अडली होती. डॉक्टर पेटी घेऊन बाहेर आले, मी इंजिन सुरू करायला मोटारीच्या पुढे हँडल लावलं. हँडल हलेना. डॉक्टरांनी जोर लावला, त्या माणसानं लावला, शेवटी तिघांनी मिळून लावला. मोटारच हलायला लागली, पण हँडल काही फिरेना. तो बिचारा एकदा मोटारीकडे बघे, एकदा डॉक्टरांकडे. मला त्याच्याकडे बघवेना. अखेर शेजारची बैलगाडी जुंपून डॉक्टर गेले.

मी इब्राहिमभाईंना बोलावणं धाडलं. त्यांनी येऊन इंजिनाचा तळ खोलला आणि बोट घालून बाहेर काढलं. फणसाच्या चिकासारखी तार आली.

"काय घातलाव यात?"

"पाणी गेलं असेल," मी म्हणालो.

त्यांनी बोट नाकाशी नेलं आणि ते फडक्याला पुसलं. मग सावकाश सांगितलं, की शर्यतवाले एरंडेल घालतात ते आधी इंजिन आतून धुऊन पुसून, आणि शर्यत संपली की त्याच संध्याकाळी काढून टाकतात. रोजच्या तेलाशी त्याचं जमत नाही, दिवसचे दिवस ठेवलं तर त्याचा डिंक होतो.

"त्या मोटारवाल्यानं सांगितला न्हाय तुम्हाला?"

"सांगत होता."

"मग?"

"मी निघून आलो."

डॉक्टर भर दुपारी पायी परतले. बैलगाडी त्यांनी तिथंच ठेवली होती, बाळबाळंतिणीला लागली तर म्हणून. ते पोचायच्या आधीच सुईणीनं बाळंतपण उरकलं होतं, दोघं सुखरूप होती. तरी मनात आलं, त्या बाईचं काही बरंवाईट झालं असतं तर? मी सगळं कबूल केलं. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते हळूच म्हणाले, "चमचाभर औषध द्यायचं तरी माझी चिठ्ठी मागतोस. आणि इंजिनाला अख्खा डबा पाजलास?"

मी मान खाली घालून म्हटलं, "उद्यापासून दवाखान्यात येऊ नको ना?"

"येऊ नको? अरे, महिनाभर मोटार खोलून पडणार. मला गावोगाव पायी हिंडावं लागणार. शुक्रवारच काय, रोज सकाळी दवाखाना तुलाच सांभाळायचाय."

असं माझं स्वप्न पुरं झालं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून डॉक्टरांच्या टेबलाशी उभा राहिलो. दहा वाजेपर्यंत कुणी नाही. बातमी माझ्याआधी गावात पोचली होती. अखेर आग्रावची एक म्हातारी पोट धरून आली.

"डागदर न्हाईत?"

"दुपारी येतील. पण मी आहे ना आजी, देतो औषध."

तिनं मला खालून वर न्याहाळलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

"न्हको रं बाबा. ती मोटार लोखंडाची व्हती. मी हाडामासाची हाय."

तिला फार दुखत होतं, ते दिसत होतं. दोन तास ती तशीच उन्हात बसून राहिली. मला राहवेना. तांब्याभर पाणी घेऊन बाहेर गेलो.

म्हातारी तांब्याकडे न बघताच म्हणाली, "घरनं पिऊन आलंय."