खडकांवरून गेलेलं जहाज

भुताखेतांच्या गोष्टी छापणाऱ्यांशी मी कायम भांडत आले. बोईसरच्या नाक्यावर उभं राहून भगत-भोंदूंविरुद्धची पत्रकं मीच वाटायची. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय... पण जे पाहिलं ते लपवणं हीसुद्धा लबाडीच.

ऐंशी-ब्याऐंशीचा हिवाळा. तारापूरजवळचं आमचं नवापूर. समुद्रावर दाट धुकं उतरलं, गावच्या सगळ्या बोटी परतल्या — माझ्या मोठ्या भावाची, गणादादाची, तेवढी नाही. सकाळी आई भगताकडे निघाली. मी दारात आडवी आले.

"तो काय समुद्रात जाऊन शोधणार हाय?"

"मग तू शोध. कागद वाट पाण्यात."

झोंबलं. हात धरून मी तिला किनाऱ्यावर नेलं.

पूर्ण ओहोटी होती. बायका कालवं फोडायला बसतात ते खडक उघडे पडलेले. आम्ही त्यांच्या अलीकडे, चिखलात उभ्या. समोरचं धुकं हळूहळू पिवळं झालं... आणि त्यातून एक प्रवासी जहाज आलं. पांढरंशुभ्र, मजल्यावर मजले, खिडकी-खिडकीत दिवा. कठड्याशी शाली पांघरलेली माणसं, आत कुठेतरी पियानो. एवढं अवाढव्य, तरी मेलगाडीच्या वेगानं, लाट न उठवता ते त्या कोरड्या खडकांवरून आडवं निघून गेलं.

आईनं माझा दंड धरला. "तुला पण दिसतं ना?"

"दिसतं."

ते विरलं, आणि त्याच्या मागोमाग दादाची बोट आली. खडकांच्या अलीकडे, आमच्यासमोर चिखलात टेकली. आई चिखल तुडवत धावली.

गाव जमलं. शेजारचे काका म्हणाले, "गणा, बोट खांद्यावरून आणलीस काय रं?"

दादा हसला नाही. "इंजिन कालच बंद पडलं. मग एक पांढरं जहाज बाजूनं गेलं, आन् बोट आपसूक त्याच्यामागं लागली. खडक कुठं होते, काका? खाली खोल पाणी होतं."

मी वाकून बोटीच्या तळावर हात फिरवला. एक ओरखडा नव्हता.

संध्याकाळी भगत श्रेय घ्यायला आला, त्याला मी अंगणातूनच परत पाठवलं. त्याचा यात काही संबंध नव्हता, हे मी आजही ठासून सांगेन. कशाचा होता, ते मात्र सांगता येत नाही. भरतीच्या वेळा तपासल्या, धुक्यातल्या भासांबद्दल वाचलं. दोघींना एकच भास झाला असेल, दादालाही झाला असेल, मान्य.

पण बोटीला कसा होईल?